खडकांपर्यंत

लेदानं सगळ्यांच्या ताटल्या भरल्या आणि स्वतःच्या ताटलीत भरल्या पास्त्याचे दोनच तोर्तेल्लोनी वाढून घेतले. त्यातला एक काट्यानं फोडला, आतली पालेभाजी पसरवली आणि तो तसाच ठेवून दिला.

मोरेनानं ते बघितलं. औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिलेल्या बाईच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही, आणि ही तर जन्मदाती आई. पंधरवड्यापूर्वीच्या रविवारी आईनं ‘मळमळतंय’ म्हटलं होतं. गेल्या रविवारी ‘चाखता चाखताच पोट भरलं’. ईस्टरला मात्र दोनदा मागून घेऊन जेवली होती, तेवढाच काय तो दिलासा. आज पुन्हा तेच. सेजची पानं घालून वितळवलेल्या लोण्याचा वास घरभर सुटलेला, आणि ज्या बाईनं पहाटे उठून हे सगळं लाटलं ती नुसती पाणी पीत होती.

“तर दोन जूनची प्रजासत्ताक दिनाची सुट्टी गुरुवारी येतेय,” मोरेनानं वही उघडली. घटस्फोटानंतर तिनं सगळ्या गुआल्दी घराण्याचं व्यवस्थापन हातात घेतलं होतं, कुणी न सांगता. “मधल्या शुक्रवारी रजेचा पूल बांधला की थेट रविवारपर्यंत चार दिवस. इवानो, शुक्रवारची रजा टाकलीस का?”

“टाकलीय. देणार नाहीत तर जातील कुठे?” धाकटा भाऊ तोंडात घास धरून म्हणाला. टाइल्सच्या गोदामात तो शिफ्टप्रमुख होता आणि घरी आईच्या हातचं जेवायला बसला की त्याचं वय पंचेचाळीसवरून बारावर येई. “चेझेनातिकोचा समुद्र, त्सोलीबाईंचा फ्लॅट, आईचं माशांचं कालवण. यात ठरवायचंय काय? दरवर्षी तू वही काढतेस आणि दरवर्षी तेच लिहितेस.”

“त्सोलीबाईंना आज तीनच्या आत फोन करायचाय. नाहीतर त्या फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी देतील. एकदा जागा गेली की ऑगस्टलाही मिळायची नाही.”

“मग कर फोन.”

“सगळं विचारून करते मी,” मोरेना म्हणाली, आणि टेबलाभोवतीच्या एकाही माणसाला हे खरं वाटलं नाही.

टेबलाच्या टोकाला या भावंडांचा बाप ओरेस्ते बसला होता. त्याचं घड्याळ नेहमीप्रमाणे मनगटावरून काढून ताटलीशेजारी ठेवलेलं. चौतीस वर्षं टाइल्सच्या भट्टीचा मुकादम म्हणून त्यानं याच घड्याळावर आच मोजली, आणि उन्हाळ्यात याच घड्याळावर घरच्यांचं पचन. जेवल्यावर पाण्यात उतरायचं नाही, हे इटलीत प्रत्येक आई पोरांना सांगते. बाकीच्या घरांत दोन तास, आळशी घरांत दीड. गुआल्दींकडे तीन. साडेबाराला शेवटचा घास, की साडेतीनपर्यंत कुणाचा अंगठासुद्धा समुद्राला लागता कामा नये. शेजारच्या छत्र्यांखालची पोरं पाण्यात धिंगाणा घालत असायची आणि गुआल्दींची पोरं वाळूत बसून ओरेस्तेच्या मनगटाकडे बघायची. या नियमावर विनोद करायची मुभा मात्र नव्हती. एकसष्ट सालच्या जुलैत ओरेस्तेचा अकरा वर्षांचा भाऊ नेल्लो भरपेट कलिंगड खाऊन सेक्किया नदीच्या डोहात उतरला होता. काठावर लक्ष ठेवायला सोळा वर्षांचा ओरेस्ते होता.

“मी ससा बघते,” लेदा म्हणाली. ओव्हनमधला ससा ओट्यावर काढून ठेवून ती स्वयंपाकघरात न थांबता सरळ आतल्या खोलीत गेली. तिच्या मागोमाग मोरेनाची मुलगी नोएमी उठली. ती बोलोन्यात शिकायची आणि शनिवार-रविवार घरी यायची. अलीकडे रविवार सगळा आजीकडेच, जेवणं झाली की दोघी फिरायला बाहेर.

मोरेनानं ताटल्या गोळा केल्या आणि भावजयीला, नुन्झियाला, डोळ्यांनी खुणावलं.

*

“बघितलंस?” स्वयंपाकघराचं दार लोटून घेत मोरेनानं विचारलं.

“ताटली ना? बघितली,” नुन्झिया म्हणाली. “गेल्या रविवारीही बघितली होती.”

“वजन उतरलंय तिचं. स्कर्टला कमरेशी पिन लावलीय. आणि हे मंगळवार-शुक्रवार इरिदेबाईंकडे पत्ते खेळायला जाणं! माझ्या आईला पत्त्यांचा तिटकारा आहे, नुन्झिया. बाबा डाव मांडतात तेव्हा ती उठून इस्त्री करायला लागते.”

“मग कुठे जातात त्या?”

“तपासण्यांना,” मोरेना म्हणाली. तिनं हा शब्द आधी मनात पुष्कळदा घोळवला असावा, कारण तो तोंडातून निघाल्यावर तिचे डोळे लगेच भरून आले. “माझ्या काउंटरवर रोज येतात अशी माणसं. जेवण तुटतं, वजन उतरतं, घरी सांगत नाहीत. पोटाचंच असणार.”

नुन्झियानं छातीवर क्रूस काढला. ती बारी शहराची, दक्षिणेची. लग्न होऊन या घरात वीस वर्षं झाली तरी सासूला ती तिकडच्या रीतीनं ‘तुम्ही’च म्हणायची. उत्तरेतल्या या घरात सगळे तिला त्यावरून हसायचे. लेदा कधी हसली नाही.

“म्हणून मी ठरवलंय,” मोरेनानं डोळे टिपले, “यंदा तिला काही म्हणजे काही बदल जाणवू द्यायचा नाही. तोच फ्लॅट, तेच स्वयंपाकघर, तीच खिडकी, तिची ती मोठी कढई. कालवण ढवळताना आई किती खुशीत असते! तिला तिचा आनंद मिळू दे. कोण जाणे पुढच्या वर्षी…” तिला पुढे बोलवेना.

नुन्झियानं ससा ताटात रचायला घेतला. ती खिडकी तिला चांगली माहीत होती. भांडी घासायच्या जागेच्या वर, दोन घरांच्या मधून वीतभर समुद्र दिसायचा. वीस उन्हाळे ती सासूशेजारी उभी राहून तिथे भांडी पुसत आली होती. अकरा वाजता दोघी किनाऱ्यावरून उठायच्या, कारण बाराला जेवण. आवरून होईस्तो दोन. मग नियमाचे तास. साडेतीनला सगळे पाण्यात उतरले की लेदा पिशव्या राखायची, आणि पाचला पुन्हा रात्रीच्या जेवणाला फ्लॅटवर. खुशीत? सासू त्या खिडकीतून बघायची खरी, पण नुन्झियानं तिला खुशी म्हटलं नसतं.

आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनात आली. आई आजारी असतील तर त्या फ्लॅटमध्ये चार दिवस रांधणार कोण? मोरेनाला वही चालवता येते, कढई नाही. म्हणजे मीच. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की सशाची सगळ्यात चांगली मांडी तिनं सासूच्या ताटलीत ठेवली.

*

“आईचं काय चाललंय?” बाहेर इवानोनं बापाच्या पेल्यात लांब्रुस्को वाइन ओतली.

“कुठे काय?”

“जेवत नाही ती.”

“चाखून चाखून पोट भरतं तिचं,” ओरेस्ते म्हणाला आणि घड्याळाला किल्ली देऊ लागला. सकाळी दिली होती तरी.

त्यानं मोरेनाच्या आधीच ओळखलं होतं. पत्ते, वजन वगैरे गोष्टींवरून नाही, वासावरून. मंगळवारी आणि शुक्रवारी, अलीकडे रविवारीही, लेदाच्या केसांना एक वास यायचा. रात्री उशीवर तो आणखी स्पष्ट कळे. स्वच्छ, बोचरा, औषधी. त्याची आई ज्या वॉर्डात गेली तिथली फरशी त्याच वासाच्या पाण्यानं पुसायचे. विचारायचं त्याला धाडस झालं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला ‘तुला काय होतंय’ असं कधी विचारलं नव्हतं. तीच त्याला विचारायची. महिनाभर तो एवढंच करत होता की सकाळची कॉफी झाल्यावर आपला कप आपण विसळून ठेवत होता. लेदाच्या ते लक्षात आलं होतं, आणि याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी तिला काळजी लागली होती.

*

आतल्या खोलीत लेदा पलंगाच्या कडेवर बसून पिशवी भरत होती. टॉवेल, रबरी चपला, निळी टोपी, चष्मा.

“आजी, आज सांगणार आहेस ना?” नोएमीनं दाराला पाठ लावली.

“गोड झाल्यावर सांगते.”

“गोड तू खाणारच नाहीयेस. अडीचला निघायचंय आपल्याला, तीनला पाण्यात. आणि मोरेना गुआल्दींनी एकदा त्सोलीबाईंना फोन केला की देवालाही तो फिरवता यायचा नाही.”

“आईला नावानं हाक मारतेस?”

“वहीसोबत असते तेव्हा.”

लेदा हसली. ऑक्टोबरात ती पहिल्यांदा नगरपालिकेच्या तलावावर गेली तेव्हा उथळ टोकाला कठडा धरून पाऊण तास नुसती उभी होती. शिकवणारी मुलगी नोएमीच्याच वयाची. ती म्हणाली, आज फक्त चेहरा ओला करा. लेदानं चेहरा ओला केला, आणि घरी येताना वाटेतल्या बाकावर बसून पोटभर रडली. दुःखानं नाही. बहात्तराव्या वर्षी आपल्याला एखादी गोष्ट मनापासून हवी आहे हे कळल्यावर माणूस गांगरतो. डिसेंबरात ती पाण्यावर पाठ टेकून तरंगली. फेब्रुवारीत एक अख्खी लांबी पोहून गेली. गेल्या रविवारी वीस लांब्या झाल्या, न थांबता. चेझेनातिकोला किनाऱ्यापासून लाटा अडवणाऱ्या खडकांची रांग तलावाच्या आठ लांब्यांवर आहे, हे नोएमीनं नकाशावर मोजून सांगितलं होतं.

“त्या बाईंनी खोली किती वाजेपर्यंत धरून ठेवलीय?” नोएमीनं विचारलं.

“सहापर्यंत.” लेदानं पिशवीची चेन ओढली. “पण मला आता सहापर्यंत थांबायचं नाही.”

*

ससा टेबलावर आला आणि लेदाला घर वेगळंच वाटू लागलं. इवानो, ज्यानं जन्मात ताटली उचलली नव्हती, तिच्या हातातलं ताट काढून घेऊन म्हणाला, “तू बस, आई.” नुन्झियानं तिच्या पाठीशी उशी सरकवली. ओरेस्ते तिच्याकडे बघत होता आणि तिनं बघितलं की मिठाच्या बरणीकडे बघत होता.

“झालंय काय तुम्हाला?” लेदानं विचारलं.

“काही नाही,” मोरेना काउंटरवरच्या मऊ आवाजात म्हणाली. “आम्ही ठरवलंय, दोन जूनला सगळं नेहमीसारखं. त्सोलीबाईंचा फ्लॅट, तुझं स्वयंपाकघर. तुला झेपेल तेवढंच कर. बाजारातून मासे इवानो आणेल. नुन्झिया हाताखाली असेल. तू फक्त…”

“मी फ्लॅटवर येणार नाही.”

इवानोचा काटा तोंडापाशी थांबला.

“आई,” मोरेनाचा आवाज कापला, “आम्हाला माहितीये.”

“काय माहितीये?”

“सगळं. रिपोर्ट दाखव. मी वाचते, मला कळतात ते. एकटीनं सोसायची काही गरज नाहीये.”

“कसला रिपोर्ट?”

“तू जेवत नाहीस! पत्त्यांच्या नावाखाली कुठे जातेस ते आम्हाला…”

“तुझ्या केसांना हॉस्पिटलचा वास येतो, लेदा,” ओरेस्ते मध्येच म्हणाला. मान वर न करता, मिठाच्या बरणीलाच सांगितल्यासारखं. “मंगळवारी, शुक्रवारी, आता रविवारीही. फेब्रुवारीपासून मी झोपलेलो नाही.”

नोएमीला हसू फुटलं होतं. आजोबांचा चेहरा बघून ते तिथल्या तिथे विझलं.

लेदानं हात पुढे करून नवऱ्याचं मनगट धरलं, घड्याळ नसलेलं. “क्लोरीन आहे ते, वेड्या,” ती म्हणाली. “पोहण्याच्या तलावाचं पाणी. मी पोहायला शिकले. मला काहीही झालेलं नाही. मी जेवत नाही, कारण तीन वाजता मला पाण्यात उतरायचंय. जेवून पाण्यात उतरायचं नाही, हा नियम कुणाच्या घरचा आहे?”

इवानो हसायला लागला, नुन्झियानं ‘देवा गं’ म्हणून पुन्हा क्रूस काढला, आणि मोरेना, जी आईच्या मरणाची तयारी वहीत मुद्द्यांनिशी करून बसली होती, हुंदके देऊन रडली. एक मिनिटभर त्या टेबलाभोवती जगातली सगळ्यात सुखी माणसं बसली होती.

मग ओरेस्तेनं मनगट सोडवून घेतलं.

“कधीपासून?” 

“ऑक्टोबरपासून.”

“आणि मला सांगितलंस, इरिदेकडे पत्ते.”

“तुला खरं सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?”

“नाही म्हटलं असतं.”

“म्हणून नाही सांगितलं.”

“बरं, शिकलीस. तलावात पोह हवं तर. कठडा असतो, माणसं असतात.” ओरेस्तेनं घड्याळ उचलून मनगटावर बांधलं; म्हणजे बोलणं संपलं. “मोरेना, त्सोलीबाईंना फोन कर.”

“नको करूस,” लेदा म्हणाली. “म्हणजे तुला जायचं असेल तर कर. मी पेन्सिओने ऑर्नेल्लात खोली धरलीय. समुद्रासमोर, तीन वेळचं जेवण त्यांचं. एका माणसाची खोली आहे. बाकीच्यांनी आपापलं बघावं.”

असा धक्का गुआल्दींच्या टेबलाला पूर्वी एकदाच बसला होता, इवानोनं दक्षिणेची मुलगी करतोय म्हणून सांगितलं तेव्हा.

“एका माणसाची?” इवानो म्हणाला. “आणि आम्ही खायचं काय?”

“तुला दोन हात आहेत, मगाशी ताट उचललंस तेव्हा बघितले मी.”

“आई, हा चेष्टेचा विषय नाहीये,” मोरेनानं नाक पुसलं. आजार नाही म्हटल्यावर तिचा आवाज पुन्हा नेहमीच्या जागी आला होता. “सेहेचाळीस वर्षांची जागा आहे ती. दारामागे आमच्या उंचीच्या रेघा आहेत. माझं सगळं बालपण आहे त्या फ्लॅटमध्ये.”

“माझ्या सगळ्या दुपारी आहेत त्या फ्लॅटमध्ये, मोरेना.”

मोरेनानं वही मिटली.

“मला वाटायचं तुला आवडतं,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज ना काउंटरवरचा होता ना वहीचा.

“रांधायला आवडतं. आज पहाटे पाचला उठून लाटलं ते कुणी सांगितलं म्हणून नाही. पण समुद्रावर जाऊन समुद्राकडे पाठ करून रांधायला नाही आवडत. कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. चूक माझीही आहे.”

“मी पेन्सिओनेत येते, आई,” नुन्झिया म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. वीस वर्षांत तिनं या टेबलावर मत दिलं नव्हतं.

“नुन्झिया!” इवानो म्हणाला.

“काय नुन्झिया? खरं सांगू का? मगाशी आत मोरेना म्हणाली आई आजारी आहेत, तेव्हा मला पहिलं काय सुचलं असेल? की आता त्या कढईपुढे मी. तुम्ही तिकडे मरणाच्या दारात आणि मी इकडे कढईचा विचार करतेय.” तिचे कान लाल झाले होते. “मला माफ करा, आई. पण पुढची पंचवीस वर्षं त्या खिडकीपाशी मला नाही काढायचीत. इवानो, तुला फ्लॅट हवा तर जा. मला कालवणाचा फोटो पाठव.”

लेदा तिच्याकडे बघून मनापासून हसली. “माफ कसलं करायचं? तू आजच शहाणी झालीस. मला पन्नास वर्षं लागली.”

“खोलीचं राहू दे बाजूला,” ओरेस्ते म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण भट्टीवरच्या माणसांना हा आवाज माहीत होता. “खोली कुठली का असेना. समुद्रात कुठपर्यंत जाणार आहेस तू?”

“खडकांपर्यंत.”

“नाही.”

“ओरेस्ते…”

“खडकांपाशी पाणी डोक्यावर जातं.”

“माहितीये. म्हणून तर शिकले. कमरेपर्यंतच्या पाण्याला शिकावं लागत नाही.”

“पोहायला तर नेल्लोलाही येत होतं!” ओरेस्तेनं मूठ टेबलावर आपटली आणि पेल्यातली लाल दारू पांढऱ्या कापडावर सांडली. कुणीही ती पुसायला उठलं नाही. “माझ्यापेक्षा चांगलं पोहायचा तो. मी फक्त एकदा मागे वळून बघितलं, लेदा. एकदाच. सायकल पडल्याचा आवाज आला म्हणून.”

सायकलीचं त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. पोरांना नाही, पाद्र्याला नाही, लेदालाही नाही. इवानोनं मान खाली घातली. मोरेना बापाकडे असं बघत होती की जणू त्यालाही सोळा वर्षं होती हे तिला आत्ताच कळत होतं.

लेदा उठून त्याच्याजवळ गेली, पण तिनं त्याला मिठी मारली नाही. ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.

“लग्नानंतर पहिल्यांदा तू मला चेझेनातिकोला नेलंस,” ती म्हणाली. “मी बावीस वर्षांची. मी पाण्यात गुडघाभर गेले आणि वळून बघितलं, तर तू किनाऱ्यावर पांढराफटक पडून उभा. मी परत आले. म्हटलं, या माणसाला एवढं भय वाटतं तर मी नाही जात. कुणी सक्ती केली नाही, माझं मीच ठरवलं. पोरं झाली, त्यांना तू तीन तास मोजून का होईना सोडायला शिकलास. मला सोडायची वेळच मी तुझ्यावर आणली नाही. नेल्लोसाठी मी पन्नास वर्षं पाण्याबाहेर बसले, ओरेस्ते. त्याला मी बघितलंही नव्हतं. आता बास.”

ओरेस्तेनं सांडलेला पेला सरळ उभा केला.

“मी दोन जूनला सकाळी सातला पाण्यात उतरणार. समुद्र शांत असतो तेव्हा, आणि पोटात काही नसतं. नोएमी माझ्याबरोबर पोहणार. लाट असेल तर नाही जाणार, तीन तारखेला जाईन. खडकाला हात लावणार आणि परत येणार. तुला बघवत नसेल तर इथे सास्सुओलोत राहा. मी रागावणार नाही. पण जाणार.”

ती उठली. भिंतीवरचं घड्याळ सव्वादोन दाखवत होतं. फ्रिजमध्ये झुप्पा इंग्लेझे या गोडाचा मोठा वाडगा होता. कुणाला हवं तर घ्या, ती म्हणाली, आणि कुणी हललं नाही. नोएमीनं गाडीची किल्ली घेतली. लेदानं आतून पिशवी आणली, खांद्याला लावली. भांडी टेबलावर तशीच होती, डाग पसरत होता, ससा थंड होत होता, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती हे सगळं तसंच टाकून दाराकडे निघाली. पाय जड होते तिचे. हे तिनं नंतर नोएमीकडे कबूलही केलं.

तिच्याआधी ओरेस्ते दाराकडच्या पॅसेजमध्ये पोहोचला.

तो दार अडवायला गेला असं सगळ्यांना वाटलं. इवानो अर्धा उठलासुद्धा. पण ओरेस्ते दाराशी गेला नाही. तो भिंतीवरच्या फोनपाशी थांबला, खिशातून चष्मा काढला आणि शेजारी टाचणीनं लावलेल्या चिठ्ठीकडे वाकून बघू लागला. चिठ्ठीवर लेदाच्या अक्षरात ‘ऑर्नेल्ला’ आणि एक नंबर होता. गेले तीन दिवस तो तिथेच होता. कुणी विचारलं नव्हतं.

त्यानं नंबर फिरवला. मोरेना वही घेऊन जेवणाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“पेन्सिओने ऑर्नेल्ला? मी गुआल्दी बोलतोय, सास्सुओलोहून. दोन जूनसाठी आमच्या नावानं एक खोली धरलीय तुम्ही. एका माणसाची… हो, लेदा गुआल्दी. ती दोघांची करा.”

लेदाचा हात दाराच्या मुठीवर होता. तो तिथेच राहिला.

“आणखी खोल्या आहेत का, ते माझी मुलगी विचारेल, तिच्याकडे वही आहे. मला वेगळं विचारायचंय. नाश्ता किती वाजता असतो तुमच्याकडे?… साडेसात. नाही, आम्हाला चालायचं नाही. दोघांचा नाश्ता नऊपर्यंत झाकून ठेवता येईल का?”

“दोघांचा?” लेदानं दारातून विचारलं. “तू कशाला उपाशी राहतोस? तू किनाऱ्यावर असणार ना?”

ओरेस्तेनं फोनवर हात ठेवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पन्नास वर्षांपूर्वी किनाऱ्यावर पडला होता तसाच.

“कमरेपर्यंत येतो मी,” तो म्हणाला. “तिथून पुढे तू जा. पण कमरेपर्यंत का होईना, पाण्यात उपाशीच उतरायचं असतं.”